घोडीची पाठ, बाजारातली फॅशन आणि नवं खोगीर: माझा अनुभव

नियमित फ्लॅटवर्क, म्हणजे उड्यांशिवायचा सपाट जमिनीवरचा सराव, सुरू झाल्यापासून माझ्या घोडीची पाठ भरत गेली. खांद्यामागे पूर्वी खळगा होता तिथे स्नायू आले आणि जुनं खोगीर पुढून आवळायला लागलं. काम संपवून ते उतरवलं की घामाने निथळणाऱ्या पाठीवर विदर्सच्या, म्हणजे मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या, दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग दिसायचे. असा कोरडा डाग दोन कारणांनी पडतो. एक तर खोगीर तिथे टेकतच नाही, किंवा दाब इतका असतो की घाम सुटत नाही. इथे पॅनेलखाली, म्हणजे खोगिराच्या पाठीवर टेकणाऱ्या गादीखाली, बोटं शिरत नव्हती, म्हणजे कारण उघड होतं. असे डाग दिसत असूनही स्वारी चालू ठेवली तर त्या जागी पांढरे केस उगवतात आणि बहुधा कायमचे राहतात. खोगीर बदलायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. कोणतं घ्यायचं, हे ठरवायला मात्र बराच लागला.

तबेल्यात विषय निघाला आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. बहुतेक सगळे दिसण्याबद्दलचे. काळं चामडं जुनं झालं, आता ब्राऊन घे. मोनोफ्लॅपच घे, म्हणजे पायाखाली चामड्याची एकच झडप (फ्लॅप) असलेलं. मागची कड पेटंट लेदरची असू दे. खाली पॅड, डोक्यावर कान झाकणारं इअर बॉनेट, पायांना बँडेज आणि अंगात शर्ट, सगळं एकाच रंगाचं हवं. मला या हौसेचं वावडं नाही. गडद हिरवा पॅड माझ्या घोडीला शोभतो आणि तो घालताना मला आनंद होतो. रंगाने घोड्याला काहीही इजा होत नाही, मग त्यावरून कुणी कुणाला नावं का ठेवावीत? पण फॅशन जेव्हा चामड्याच्या आकारात, पट्ट्यांच्या संख्येत आणि पॅडच्या जाडीत शिरते, तेव्हा ती घोड्याच्या अंगावर उतरते. तिथे मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: ही मुळात कशासाठी निघाली, आणि माझ्या घोडीला तिची गरज आहे का?

पहिला प्रश्न हाफ पॅडला विचारावा लागला. एका विक्रेत्याने सांगितलं की नवीन खोगीर कशाला, याच्याखाली मेंढीच्या लोकरीचा जाड हाफ पॅड टाका, हल्ली सगळे टाकतात. लोकरीचा पॅड चांगलाच असतो. दाब पसरवतो, हवा खेळती ठेवतो आणि पाठ कमी भरलेल्या घोड्याला तात्पुरता उपयोगी पडतो. पण आधीच अरुंद झालेल्या खोगिराखाली तो घालणं म्हणजे घट्ट बुटात जाड मोजा घालणं. जागा वाढत नाही, उलट कमी होते. मी तो नाकारला आणि थेट सॅडल फिटरला बोलावलं.

त्यांनी येताना खोगीर आणलंच नाही. आधी घोडीला सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभं केलं आणि खडूने खांद्याच्या फऱ्याची मागची कड आखली. मग शेवटची बरगडी बोटांनी चाचपत वर कण्यापर्यंत नेली आणि तिथे दुसरी रेघ मारली. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिच्या मागे कण्याला बरगड्यांचा आधार नसतो. म्हणजे घोडा कितीही लांब दिसला तरी खोगिराला मिळणारी जागा या दोन रेघांमधलीच. मग त्यांनी माझ्या हातात घोडीचा पुढचा पाय दिला आणि म्हणाले, "ताई, हळूच पुढे ओढा आणि खडूकडे बघा." पाय पुढे गेला तसं फऱ्याचं वरचं टोक आखलेल्या रेघेच्या मागे सरकलं. कातडीखाली ते हाड सरकताना स्पष्ट दिसत होतं. खोगिराच्या सांगाड्याची, म्हणजे ट्रीची, पुढची टोकं त्या वाटेत आली तर प्रत्येक पावलाला फरा त्यांच्यावर आपटणार. जुनं खोगीर नेमकं तिथे बसत होतं. घोडी गेले काही दिवस पाऊल आखडतं का टाकत होती, हे मला तेव्हा नीट उमगलं.

मग त्यांनी वाकवता येणारी मोजपट्टी पाठीवर ठिकठिकाणी दाबून तिचे आकार कागदावर उतरवले. त्या आकारांवर तारीख टाकून ठेवायला सांगितलं, कारण पाठ ऋतूनुसार, चाऱ्यानुसार आणि कामानुसार बदलत राहते.

ट्रायलसाठी आलेली खोगिरं पाहताना फॅशनचा सगळा इतिहासच समोर मांडल्यासारखा होता. एकाची बसण्याची जागा खोल आणि गुडघ्यासमोरचे ब्लॉक एवढे मोठे की मांडी त्यात रुतून बसते. दुसऱ्याची बैठक जवळजवळ सपाट आणि ब्लॉक नावापुरते. जम्पिंगचं एक होतं, त्याचे फ्लॅप चांगलेच पुढे आलेले. हे पुढे आलेले फ्लॅप काही सजावटीसाठी निघाले नाहीत. इटलीच्या घोडदळातला अधिकारी फेदेरिको काप्रिली (1868–1907) याने उडी मारताना मागे रेलून बसायची जुनी पद्धत मोडली. रिकिबी आखूड केल्या आणि स्वाराचं वजन पुढे, घोड्याच्या तोलाबरोबर नेलं. रिकीब आखूड झाली की गुडघा पुढे येतो, मग त्याला टेकायला चामडंही पुढे यायला हवं. आधी बैठक बदलली, मागून खोगीर बदललं.

मोठ्या ब्लॉकबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मोठ्या झेपेच्या, उसळत्या चालीच्या ड्रेसाज (तालबद्ध, नियंत्रित चालींचा खेळ) घोड्यांवर स्थिर बसायला त्यांची मदत होते, हे खरं. माझ्या घोडीची चाल तशी नाही. त्या खोल खोगिरात माझा पाय एकाच जागी जखडला गेला आणि रायजिंग ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत तालावर उठत-बसत जाताना, मी दर वेळी ब्लॉकवर आदळून मागे येत होते. ते आदळणं शेवटी पोहोचतं तिच्याच पाठीवर. फोटोत मी त्या खोगिरात सगळ्यात छान दिसत होते, तरी ते परत पाठवलं.

निवडलं ते मध्यम खोलीचं, लोकर भरलेल्या पॅनेलचं आणि मधली खाच रुंद असलेलं. फोमच्या पॅनेलची सध्या चलती आहे. ती पाठीलगत बसतात, एकसारखी आणि नीटनेटकी दिसतात. पण लोकर काढता-घालता येते, आणि अजून बदलत असलेल्या पाठीसाठी मला तेच महत्त्वाचं वाटलं. रंग काळा. ब्राऊनमध्ये या आकाराचं मिळालं असतं तर तेही घेतलं असतं.

तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर बांधायचा पट्टा, बदलताना एका संशोधनाचा आधार मिळाला. रेचल मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तंगाखालचा दाब मोजला होता. जास्तीत जास्त दाब छातीच्या मधल्या हाडावर येत असेल असं आपण धरून चालतो, तो प्रत्यक्षात कोपराच्या मागे आढळला. तो टाळणारा तंग घातल्यावर घोड्यांचे पाय अधिक पुढे जाऊ लागले आणि अधिक वाकू लागले. कोपरामागे खाच दिलेले अॅनाटॉमिकल तंग आज दुकानोदुकानी दिसतात. ही फॅशन मी आनंदाने स्वीकारली. याच गटाने 2015 मध्ये ब्रायडलबद्दलही, म्हणजे डोक्यावरच्या लगामाच्या साजाबद्दलही, तसाच अभ्यास मांडला. कानामागची पट्टी आणि नोजबँड (नाकावरचा पट्टा) यांच्याखालचा दाब कमी केला की पायांची हालचाल सुधारते, असं त्यात दिसलं. त्यामुळे कानांच्या बुडाशी मोकळीक देणारी रुंद, गादीदार पट्टी घेतली. कपाळावरचा खड्यांचा ब्राऊबँड मात्र जुनाच ठेवला, तो मला फार आवडतो.

नोजबँडपाशी मी सगळ्यात जास्त अडले. गेल्या काही दशकांत दुहेरी पट्टा फिरवून आवळायच्या क्रँक नोजबँडची आणि त्याखाली तोंडाभोवती बांधायच्या फ्लॅश पट्ट्याची इतकी सवय झाली आहे की फ्लॅश नसलेलं ब्रायडल अर्धवट वाटतं. क्रँकमध्ये पट्टा कडीतून उलटा वळतो, त्यामुळे थोड्या जोरातही तो खूप आवळता येतो, आणि खाली गादी असल्याने आवळल्याचं बाहेरून कळत नाही. तोंड बळाने मिटवलं की घोडा शांत दिसतो. पण तोंड उघडून, जीभ हलवून, जबडा सैल करून तो जे सांगत असतो ते सांगायचं साधनच आपण त्याच्याकडून काढून घेतो. दोन बोटांची जागा सोडा, असं सगळेच म्हणतात. पण ही बोटं बहुतेक जण गालाच्या बाजूला घालून पाहतात. तिथे मऊ भाग असल्याने ती आवळलेल्या पट्ट्यातही शिरतात. मोजायचं ते समोर, नाकाच्या हाडावर. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे एफईआयने, 2025 पासून स्पर्धांमध्ये ठरावीक मोजणी-उपकरण आणलं आहे, तेही नाकाच्या हाडावरच वापरतात. मी फ्लॅश काढून टाकला. घोडीने सुरुवातीला तोंड बरंच चाळवलं, आणि त्यावरून मला बिटची, म्हणजे तोंडातल्या लगामाच्या दांडीची, उंची तपासायची आठवण झाली. पट्टा आवळलेला असता तर हे कळलंच नसतं.

कपड्यांवर फार वेळ घालवला नाही. चामड्याच्या सीटच्या जागी सिलिकॉनची पकड असलेल्या ब्रीचेस, म्हणजे स्वारीच्या घट्ट विजारी, आल्या आहेत. धुवायला सोप्या आणि पुरेशा पकड देणाऱ्या. पूर्वीच्या जोधपुरी विजारी मांडीवर फुगीर असायच्या, कारण कापड ताणलं जात नव्हतं आणि गुडघा-मांडी वळायला जागा हवी होती. ताणणारं कापड आलं आणि फुगा गेला.

हेल्मेट मात्र मी सर्वांत आधी घ्यायला हवं अशी वस्तू मानते. 2010 मध्ये कोर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची ऑलिंपिक ड्रेसाज रायडर साध्या सरावात घोडा अडखळून पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटीला मार बसला आणि ती कोमात गेली. त्या काळी वरच्या पातळीच्या ड्रेसाजमध्ये टॉप हॅट हीच शान होती. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शार्लट दुजार्डिनने हेल्मेट घालून सुवर्णपदकं जिंकली, आणि 2021 पासून एफईआयच्या ड्रेसाजमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं. एवढी सुंदर आणि एवढी निरुपयोगी टोपी गेली, याचं मला मनापासून बरं वाटतं. सध्या रुंद कडेची हेल्मेटं चालतात. मीही तसंच घेतलं, उन्हाला ती कड बरी पडते. पण आधी आतल्या लेबलवरचं सुरक्षा-मानक वाचलं. मग पट्टा न लावता मान खाली घालून डोकं हलवून पाहिलं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली, तेव्हाच ते माझं झालं.

नव्या खोगिरातली लोकर आता दबत चालली आहे, डाव्या बाजूला जरा जास्त. नव्या लोकरीचं असं होतंच, म्हणून फिटरला पुन्हा बोलावलं आहे. त्या वेळी तारीख टाकलेले जुने आकार नव्या मोजणीशी ताडून पाहू. त्यानंतर एअर व्हेस्टचा विचार आहे. खोगिराला जोडलेली दोरी ओढली गेली की त्यातली गॅसची नळी फुटते आणि जाकीट क्षणात फुगतं. त्या फटकन होणाऱ्या आवाजाची घोडीला आधी जमिनीवरून, लांबून सवय करून द्यावी लागेल. तोवर साधा बॉडी प्रोटेक्टर चालू आहे.