तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्या जनावरांपाशी जाऊन काय बघता?

"सुट्टी काढून राजस्थानात जाता आणि ढोरं टाकायच्या जागी जाऊन बसता. ताई, किळस नाही येत?" परवा धाकट्या जाऊबाईंनी विचारलं. त्याआधी ऑफिसात, शेजारी, सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदा नीट सांगते.

येते. पहिल्या दिवशी वास नाकात बसतो आणि दुपारचं जेवण जात नाही. तरीही मी दर हिवाळ्यात बिकानेरजवळच्या जोडबीडला जाते. तिथेच राष्ट्रीय उंट संशोधन केंद्र आहे. पर्यटक उंट बघतात, सांडणीच्या दुधाची कुल्फी खातात आणि परततात. तिथून जवळच शहरातली मेलेली गुरं आणि उंट आणून टाकतात. कातडी काढली की उरलेलं सगळं पक्ष्यांचं. ही जागा आता संरक्षित आहे.

मंगोलिया-कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशांतून स्टेप गरुड थंडीत इथे शेकड्यांनी उतरतात. खेजडीच्या झाडावर, बांधावर, उघड्या जमिनीवर, नजर जाईल तिथे गरुड. पहिल्या वर्षी मला सगळे तपकिरी गरुड सारखेच दिसले. मग कळलं, चोचीच्या कोपऱ्यातली पिवळी रेघ बघायची. ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली तर स्टेप, डोळ्याच्या मध्यावर थांबली तर टॉनी, म्हणजे दुसऱ्या जातीचा गरुड.

आणि गिधाडं! न सोललेलं जनावर असेल तर जाड कातडं फाडायला काळं गिधाड लागतं, त्याची चोच तेवढी दणकट. युरेशियन ग्रिफन आपली लांब, विरळ पिसांची मान थेट आत घालतं. पांढरं गिधाड कडेकडेने फिरत चिंध्या वेचतं. ज्याला आपण घाण म्हणतो तिथे कोण काय खाणार हे इतकं ठरलेलं असतं, की मी तासन् तास बघत बसते. मध्येच भटकी कुत्री घुसतात आणि सगळं उधळतं. कुत्र्यांचा हा त्रास दरवर्षी जाणवतो.

माझं माहेर परभणीकडचं. ओढ्यापलीकडे ढोरं टाकायची जागा होती आणि जवळच्या चिंचेवर गिधाडं बसलेली असायची. आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी. मेलेलं जनावर ओढायचं काम गावाने ज्यांच्यावर लादलं, त्यांना गावाने लांब ठेवलं आणि गिधाडांनाही अभद्र ठरवलं. मी कॉलेजात गेले तोवर चिंच रिकामी झाली होती. कुणी विचारलंही नाही.

कारण कळलं 2004 साली. गुरांच्या दुखण्यावर, तापावर डायक्लोफिनॅक टोचायचे. ते जनावर लगेच मेलं तर औषध मांसात राहायचं. गिधाडाने ते खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढायचा. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात शंभरात एकही उरली नाहीत. 2006मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तरी माणसांसाठीची 30 मिलिलिटरची बाटली गोठ्यात जातच राहिली. म्हणून 2015मध्ये ती, गुरांना टोचायला सोयीची राहू नये यासाठी, 3 मिलिलिटरवर आणावी लागली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध आहे, तरी हे सगळं करावं लागलं. आणि फटका फक्त गिधाडांना बसला नाही. राजस्थानातच ढोरांच्या जागी मेलेल्या दोन स्टेप गरुडांच्या शरीरात हेच औषध सापडलं. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी आपल्या गोठ्यातल्या सुईने मेला, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाळवंटात शिकारी पक्ष्यांचं माहिती केंद्र उभारायचं झालं आणि मला विचारलं, तर पंख पसरलेल्या गरुडाचा मोठा फोटो मी दाराशी लावणार नाही. काचेच्या पेटीत त्या दोन बाटल्या ठेवीन, 30ची आणि 3ची, शेजारी शेजारी.

सकाळी गिधाडं गारठलेली, जमिनीवर पंख उघडून बसलेली असतात. उन्हाने जमीन तापली की एकेक उठतं, पंख न हलवता गोल गोल वर जातं आणि बघता बघता ठिपका होतं. यंदा जाऊबाई येते म्हणाल्यात. मी सांगितलंय: पायात बूट, नाकाला ओढणी, आणि नऊच्या आत पोहोचायचं.