तुम्ही विचारलंत म्हणून: धोतऱ्यावर बंदी का नाही?

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. तरी गणपतीत पत्री निवडायला बसलं की कुणीतरी विचारतंच, "काका, गांजा बाळगला तर तुरुंग, आणि हा धोतरा मात्र देवाच्या एकवीस पत्रींत! याला कायदा नाही का?"

1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात, गांजा आहे, एलएसडी हे भास घडवणारं रसायन आहे. धोतरा त्यात नाही. माझ्या मते कारण साधं आहे: नशेसाठी एकदा धोतऱ्याच्या वाटेला गेलेला सहसा पुन्हा जात नाही. भास होतात, पण त्यात मजा नसते. तोंडाला कोरड, घोट गिळवत नाही, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. माणूस पुटपुटत, बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढत बसतो. नंतर मधलं काही आठवत नाही.

नेमकं हे विसरणंच लुटारूंच्या पथ्यावर पडतं. प्रवासात ओळख काढायची, धोतरा कालवलेलं खाऊपिऊ घालायचं, सामान घेऊन उतरायचं. म्हणून कायदा झाडाला सोडतो आणि भरवणाऱ्या हाताला धरतो. पूर्वीचं भारतीय दंडविधानाचं (भादंवि) कलम 328, आता भारतीय न्याय संहितेचं 123. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

वांतीत धोतऱ्याचं बी शोधताना प्रयोगशाळेत आमची खरी डोकेदुखी मिरची. दोन्ही एकाच कुळातल्या, आणि वांतीत मिरचीच्या बिया कुणाच्या नसतात? मिरचीचं बी पातळ, पिवळं, गुळगुळीत, एका धारेचं. धोतऱ्याचं जाड, तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांचं, कडेला दुहेरी रेघ असलेलं. उभं चिरलं तर मिरचीचा गर्भ आत वळलेला दिसतो, धोतऱ्याचा बाहेर. बी सहजी पचत नाही, म्हणून पुरावा टिकतो. पूर्वी म्हणे रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकून बाहुली मोठी होते का ते बघत. आमच्या वेळेपर्यंत क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखायची पद्धत, आली होती. मांजरं सुटली.

बाहुली मोठी करणारं धोतऱ्यातलं अट्रोपिन तेच. डोळ्यांचे डॉक्टर थेंबभर घालतात ते औषध, आणि मूठभर बिया पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो.

गेल्या वर्षी नातवानं अंगणातलं काटेरी बोंड हौसेनं फोडलं. त्याला आधी साबणानं हात धुवायला पिटाळलं, मग बिया मोजून उचलल्या. पान मी अजूनही वाहतो. बोंड उंबऱ्याच्या आत येत नाही.