पहिल्या फळीनंतरचे वारसदार

अमेरिकेतील परंपरानिष्ठ ख्रिस्ती चळवळीची पहिली फळी आता जवळजवळ संपली आहे. १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन करणारे जेरी फॉलवेल २००७ मध्ये गेले, धर्मोपदेशक बिली ग्रॅहम २०१८ मध्ये आणि दूरचित्रवाणीवरचे उपदेशक पॅट रॉबर्टसन २०२३ मध्ये. मला कुतूहल आहे ते वारसदार कसे ठरले याचे. हे सगळे ज्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे, त्यात पोप नाही. ज्याच्या शब्दाखातर लोक दूरचित्रवाणी लावतात आणि देणगी पाठवतात तो नेता, आणि असा शब्द मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.

तरीही गादी बहुधा मुलांकडेच गेली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्या वाहिनीच्या पहिल्या प्रक्षेपणाला साठ वर्षे झाली त्याच दिवशी, ९१ वर्षांच्या रॉबर्टसन यांनी ‘द ७०० क्लब’ या आपल्या कार्यक्रमाच्या शेवटी निवृत्ती जाहीर करून सूत्रसंचालन मुलगा गॉर्डन याच्या हवाली केले. फॉलवेल यांच्याकडे तर चक्क वाटणी झाली: धाकट्या जोनाथनकडे चर्च, वडिलांचेच नाव असलेल्या थोरल्या जेरीकडे वडिलांनी स्थापलेले लिबर्टी विद्यापीठ. हे थोरले पेशाने वकील, धर्मोपदेशक नव्हेत. वैयक्तिक वर्तनाच्या वादातून २०२० मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले.

घराण्याबाहेरून आलेल्यांचीही वाट सोपी नव्हती. २०१३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या सार्वजनिक धोरणविषयक संस्थेत रिचर्ड लँड यांच्या जागी आलेल्या रसेल मूर यांनी ट्रम्प यांच्यावर उघड टीका केली, त्यावरून स्वकीयांचाच रोष ओढवून घेतला आणि २०२१ मध्ये ते बाहेर पडले. माझ्या मते फॉलवेल यांच्या पिढीने मतदार घडवले, तर या पिढीला आधीच घडलेल्या मतदारांची मर्जी सांभाळावी लागते.