एक वीत, चार बोटं

भाची शिकायला न्यूयॉर्कला निघालीय. डोंबिवलीच्या आमच्या घरात हॉलभर बॅगा उघड्या पडल्यात, मेतकुटाचं पाकीट वजनकाट्यावर चढतंय-उतरतंय, आणि आई खिडकीपाशी भाचीच्या ब्लाउजला हुक लावत बसलीय. मध्येच विचारते, "किती लांब गं ते?"

"साडेबारा हजार किलोमीटर."

आईचा चेहरा कोराच. तिला किलोमीटर कळतात ते रत्नागिरीपर्यंतचे. तसंही मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये सांगतं कोण? दादर फास्टने पाऊण तास, बँक चालत दहा मिनिटं, संपलं.

म्हणून माळ्यावरून पृथ्वीगोल काढला. फूटभर व्यासाचा, भाचीच्या शाळेच्या दिवसांतला, ऑस्ट्रेलियात पोचा पडलेला. आईच्याच रिळाचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर. आईला वाटत होतं (खरं सांगायचं तर मलाही) की विमान अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेवरून नाकासमोर पश्चिमेला जात असणार. भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. पण दोरा ताणला तर तो ऐकेचना. घसरत घसरत वर गेला. मॉस्को, स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, मग कॅनडावरून खाली. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून जवळची वाट तिथे वाकडी दिसते. नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर दीड हजार किलोमीटरहून जास्त फेरा पडेल, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा मोठा. अर्थात विमानं दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहीत. वारा बघतात, बंद हवाई हद्दी टाळतात. जाताना सोळाएक तास लागतात. येताना जेट प्रवाहाचा, म्हणजे उंचावर पूर्वेकडे जोरात वाहणारा वारा पाठीशी असतो, त्यामुळे जरा कमी.

आईने यातलं एकच उचललं. "आइसलंड म्हणजे बर्फच ना? स्वेटर हातातल्या पिशवीत ठेव."

"आजी, तेवढ्या उंचीवर मुंबईच्या डोक्यावरसुद्धा उणे चाळीस असतं," भाची म्हणाली.

"मग तेच म्हणतेय मी."

आणि तिने दोरा हातात घेऊन मोजला. एक वीत आणि वर चार बोटं. "एवढंच होय!" गेला महिनाभर उतरलेला चेहरा पहिल्यांदा जरा सैलावला.

गोलावर डोंबिवली आणि विमानतळ एकाच टाचणीच्या टोकाखाली येतात. तरी विमान रात्री दीडचं आणि आम्ही घरून निघणार संध्याकाळी सातला, कारण वाटेत शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये काय वाढून ठेवलेलं असेल ते कुठल्याच गोलावर दिसत नाही. भावोजींचं म्हणणं, साडेसहाला निघू.

दोऱ्याचा तो तुकडा मी टाकूनच देणार होते. आईने माझ्या हातातून काढून घेतला, टोक जिभेवर ओलं केलं आणि सुईत ओवला. शेवटचा हुक राहिला होता.