आरशावरची चांदीची साय

माझ्या सहा इंची दुर्बिणीचा आरसा दोन पावसाळ्यांत गेला. फुटला नाही, त्याच्यावरच्या ॲल्युमिनियमला खारा वारा लागला. देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या काठाला आमचं घर. इथे खिडकीचे लोखंडी गज तीन वर्षांत पापुद्रे सोडतात, तिथे शंभर नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाएवढ्या थराने किती तग धरावा? आधी कडेला पांढुरके ठिपके आले, मग मधोमध नकाशासारखे डाग, आणि शेवटी शनीची कडी म्हणजे धुक्यात हरवलेली बांगडी.

आधी सरळ मार्गाने गेलो. आरसा खोक्यात भरून शहरातल्या एका ठिकाणी नवा थर चढवायला पाठवला. तीन महिन्यांनी परत आला, तो उजेडासमोर धरला तर आरपार अख्खी आकाशगंगा दिसत होती, इतकी भोकं. कडेला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, तोही थराखाली पक्का बसलेला. फोनवर बरंच बोलणं झालं, पैसे काही आले नाहीत. त्या रागातच ठरवलं की चांदी घरी चढवायची.

कल्पना माझी नाही. धातूची वाफ करून निर्वातात आरशावर ॲल्युमिनियम चढवायची रीत १९३० च्या दशकात रुळली. त्याआधीची सत्तरेक वर्षं काचेच्या आरशांच्या दुर्बिणी चांदीवरच चालल्या. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब आमच्या विजयदुर्गावर तळ ठोकून होते, तेव्हा काचेवर आरसा करायचा तर चांदीच चढवत. मग खाडीच्या या काठावर मला का जमू नये, असा माझा भाबडा हिशोब.

जुना थर काढणं सोपं निघालं. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात आरसा ठेवला, बारीक बुडबुडे सुटले आणि पाचेक मिनिटांत खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता यायला लागली. आरसा पुन्हा नुसती काच झाला.

घोडं अडलं ते पाण्यावर. आमच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड, पण पेलाभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा (आरशावरची चांदी याच क्षारातून यायची) एक थेंब टाकला तर ताकासारखं दिसतं. मीठ असलं की चांदीचं क्लोराइड होऊन पाणी दुधट होतं, हे मी मुलांना पंचवीस वर्षं शिकवलं. स्वतःच्या विहिरीवर कधी लावून पाहिलं नव्हतं. बाजारातून बॅटरीचं पाणी आणलं, तेही दुधट! कॅनवर शुद्धतेचं लेबल होतं, आत नळाचं पाणी असावं. हौसेने अंगणात पावसाचं पहिलं पाणी धरलं होतं, त्यातही किंचित धुरकटपणा आला. समुद्राजवळचा पाऊसही मीठ घेऊनच उतरतो. शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेत तीन दुपारी बसून पाणी ऊर्ध्वपातित केलं, तेव्हा कुठे थेंब टाकूनही पाणी पाण्यासारखं राहिलं.

दुसरी तयारी साखरेची. साखरेच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब टाकून उकळलं की साखर फुटून ग्लुकोज होतं, आणि चांदीला द्रावणातून बाहेर काढायचं काम ते ग्लुकोज करतं. ते शेगडीवर पाहून बायको म्हणाली, "अहो, पाक कसला करताय? सण नाही, अधिक महिना नाही." मी म्हटलं, चांदीच्या अनारशांचा.

पहिला प्रयत्न मे महिन्यातला. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया थेंबाथेंबाने घालायचा. आधी चहाच्या गाळासारखा तपकिरी साका येतो, मग पुढच्या थेंबांनी विरघळतो. नंतर कॉस्टिक पोटॅश, पुन्हा काळा साका, पुन्हा अमोनिया. अमोनिया किंचित कमीच राहायला हवा, द्रावणात वाळक्या गवताचा रंग उरेल इतका. हे द्रावण साठवायचं नाही. ठेवून दिलं तर त्यात स्फोटक संयुग तयार होतं आणि नुसतं हलवलं तरी उडू शकतं. काम झालं की त्याच क्षणी सौम्य आम्ल घालून मारायचं. माझा चष्मा, हातमोजे, उघडी पडवी आणि मुलांना सक्त मनाई, हे सगळं त्यासाठी.

पाक ओतला आणि पुढच्या मिनिटाला सगळं काळं. चांदी आरशावर बसण्याऐवजी चिखल होऊन तळाला गेली. आरशावर आली ती राखाडी साय, बोटाने पुसली तर निघाली. कारण उघड होतं. हे काम अठरा-वीस अंशाला करायचं असतं, आणि पडवीत होतं तेहतीस.

म्हणून बंदरावर गेलो, मासे ठेवतात तो बर्फ आणायला. बर्फवाल्याने विचारलं, "मास्तरानू, बर्फ कित्याक व्हयो? मासे खंय दिसणत नाय!" आरसो थंड करूक, असं मी म्हणालो, त्यावर त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि दोन फावडी जास्तच घातला.

दुसऱ्या वेळी परात बर्फात, द्रावणं बर्फात. या खेपेला आणखी एक शहाणपणा केला. आरशाशेजारी त्याच द्रावणात सूक्ष्मदर्शकाच्या पाच काचपट्ट्या दोऱ्याने सोडल्या आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक वर काढत गेलो. सबंध खटाटोपातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच. धुऊन जुन्या साठ वॉटच्या तारेच्या बल्बसमोर धरल्या. पहिली पट्टी पिवळट तपकिरी, चहाचा डाग पडावा तशी. दुसरी जांभळट. तिसरीतून तार निळी दिसली. आणि बल्बकडे पाठ करून तीच पट्टी पाहिली तर माझा चेहरा लख्ख, चकाकत्या चांदीत. चौथी गर्द निळी, पाचवीतून जवळपास काहीच नाही.

मुलांना हा रंग समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. सुरुवातीला चांदी सलग नसते, सुट्या सूक्ष्म बेटांसारखी असते. त्या बेटांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर हेलकावे खातात आणि निळा-जांभळा भाग गिळतात, म्हणून उरतो तो उजेड पिवळट. बेटं जुळून सलग पापुद्रा झाला की चित्र पालटतं. चांदी तांबडा-पिवळा उजेड जास्त जोमाने परतवते, तर जांभळ्याकडे सरकत गेलं की जरा सैल पडते. डोळ्याला न दिसणाऱ्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांत, ३२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, तर पातळ चांदी बऱ्यापैकी पारदर्शक होते. म्हणून आरपार येतो तो निळा. (आणि म्हणूनच अशा पट्टीतून सूर्याकडे पाहू नये, डोळ्याला न दिसणारं बरंच काही आत येतं.) सोन्याचं तंत्र वेगळं. सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला की हिरवट दिसतो, कारण निळं ते गिळतं आणि तांबडं-पिवळं परतवतं. शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५७ च्या व्याख्यानात सोन्याच्या पातळ पापुद्र्यांचे हेच खेळ मांडले होते.

पुरे कधी झालं, हे मी पट्ट्यांवरूनच ठरवलं. चांदीत दर बाराएक नॅनोमीटरला उजेड सुमारे सदतीस टक्क्यांवर येतो. शंभर नॅनोमीटर पार केले की हजारातला एक भागही उरत नाही. पाचव्या पट्टीतून आरपार काळोख दिसला, तेव्हा आरसा उचलला. आणखी थांबलो असतो तर वर राखाडी साय जमली असती.

जाडीची खात्री करायला एक जुनी युक्ती वापरली. चौथ्या पट्टीवर आयोडिनचा खडा ठेवला. त्याची वाफ लागली तसं खड्याभोवती चांदीचं आयोडाइड होत गेलं, चांदीच्या चौपट जाड आणि पारदर्शक, आणि रंगीत कडी उमटली, पाण्यावर सांडलेल्या डिझेलसारखी. मधोमध भोक झालं, तिथे चांदी संपली होती. कडी मोजून जाडी काढता येते. माझा आकडा सत्तर नॅनोमीटरच्या आसपास आला, पण मी मोजण्यात अर्धं कडं इकडेतिकडे केलं असेल.

हिशोब मात्र मजेशीर निघाला. पाच ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे तीन ग्रॅमच्या वर चांदी, परातीत गेली. आरशावर शंभर नॅनोमीटर धरले तरी बसली ती फक्त एकोणीस मिलिग्रॅम. सोनारकाकांना सांगितलं तर ते म्हणाले, "उरलेली मला द्या, गाळून देतो." काळा गाळ त्यांना दिला आणि काकांनी खरोखरच मण्याएवढी चांदी परत केली.

शनी त्याच रात्री पाहिला. कॅसिनीची फट, म्हणजे कड्यांमधली बारीक काळी रेघ, दिसली, अधूनमधून, हवा स्थिर झाली की. नव्या ॲल्युमिनियमवर नव्वदेक टक्के उजेड परततो, ताज्या चांदीवर पंच्याण्णवच्या पुढे. डोळ्याला एवढा फरक कळतो का, मला शंका आहे. पण आधीच्या डागांशी तुलना करायची, तर मग कळतोच.

सहा आठवडे झाले. आता आरशाच्या खालच्या कडेला फिकट पिवळा पट्टा आला आहे, पहिल्या पट्टीच्या रंगाच्या जवळचा. यात बेटांचा संबंध नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलातून कुजक्या अंड्यांचा जो वास येतो, तोच वायू चांदीवर सल्फाइडचा थर चढवतो. आरसा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो, तरी दुर्बीण बाहेर काढली की वारा लागतोच. सिल्व्हर नायट्रेटची अर्धी बाटली काळ्या कागदात गुंडाळून कपाटात आहे, आणि बर्फवाला परवा विचारत होता, पुढचो आरसो कधी थंड करतलास?