आमची वाटचाल: जॉन सर, तिलोत्तमा आणि एक नग कुलूप

आमच्या फर्मचं मूळ काम चेनसॉच्या, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या करवतीच्या, चेनला धार लावण्याचं. वडील चेन वाइसमध्ये आवळायचे, गोल कानस घ्यायचे आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात मारायचे. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले की करवत लाकडात सरळ उतरत नाही, एका अंगाला ओढते. चेन घेऊन येणारा माणूस आज ना उद्या विचारतोच, "मशीनचंही बघता का?" वडील म्हणायचे, "ठेवून जा." आमचा धंदा या दोन शब्दांवर वाढला. योजना वगैरे नंतर केली, बँकेच्या अर्जात लिहिण्यापुरती.

दुरुस्तीला आलेली मशीनं बहुतेक परत जायची, काही जायची नाहीत. मालक नवीन घ्यायचा आणि जुन्याबद्दल म्हणायचा, "राहू द्या, पार्टला होईल." वडिलांनी ती पार्टला वापरली नाहीत, फळीवर ठेवली. फळी भरली तेव्हा दुसरी ठोकली. वडील त्याला संग्रह म्हणायचे. आईचा शब्द वेगळा होता. मग हळूहळू असे लोक यायला लागले ज्यांना दुकानातलं काही नको होतं, फक्त फळीवरचं हवं होतं. जुने चेनसॉ गोळा करणारी माणसं जगभर पसरली आहेत, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. नव्या मशीनचं गिऱ्हाईक घाईत असतं. जुन्याचं गिऱ्हाईक बसतं, मशीन उलटंसुलटं करून बघतं आणि मॉडेलवरून आपल्याशीच वाद घालतं. धार लावणं आजही चालू आहे, पण आता आमच्याकडे माणसं येतात ती जुन्या मशीनसाठी.

या कामात पहिली अडचण पिस्टनची नसते, नावाची असते. जॉब रजिस्टरमधला 'कंपनी' हा रकाना मामा भरतात. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मिस्त्री, नात्याने कुणाचेच मामा नाहीत. त्यांचा नियम असा की गिऱ्हाईक म्हणेल तसं लिहायचं, खरं नाव मशीनवर आहेच.

सगळ्यात जास्त फोन येतात ते असे. "स्टीलची करवत दुरुस्त कराल का?" करू. "बॉडीही स्टीलचीच असते ना?" नाही, बॉडी मॅग्नेशियमची. "मग स्टीलची कशी?" आंद्रेआस श्टील नावाच्या इंजिनिअरने १९२६ साली जर्मनीत श्टुटगार्टला ही कंपनी काढली, ते त्याचं आडनाव. शब्दाच्या सुरुवातीला 'स्ट' आला की जर्मन माणूस 'श्ट' म्हणतो, म्हणून श्टील. अमेरिकेत त्याचं स्टील झालं. रजिस्टरमध्ये त्याचं स्टिल, स्टाइल आणि एके ठिकाणी स्टूलही झालेलं आहे.

जॉन सरांचं प्रकरण जास्त चाललं. फोन यायचा, "जॉन सर आहेत का?" धाकटा भाऊ शांतपणे "इथे कुणी जॉन सर नाहीत" म्हणून फोन ठेवायचा. शेवटी ते गिऱ्हाईक स्वतः आलं आणि काउंटरवर एक लाल मशीन ठेवलं. स्वीडनमध्ये योटेबोरीजवळ (इंग्रजीत गोथेनबर्ग) एक गाव आहे, त्याच्या नावाची ही कंपनी. रोमन अक्षरांत सुरुवात 'जे'ने होते, पण स्वीडिश लोक तो 'य' वाचतात. म्हणून उच्चार योनसेरेड. त्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलचं नाव राकेत होतं, म्हणजे रॉकेट. मामांना हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं, 'जॉन सर, लाल'.

पार्टनर हीसुद्धा स्वीडिश कंपनी. तिचा उच्चार सोपा, घोटाळा तिथेच. हिशेब तपासायला आलेल्या गृहस्थांनी मामांना विचारलं, "पार्टनर कुठे आहेत?" मामा म्हणाले, "टेबलावर उघडून ठेवलाय. पिस्टन चिकटलाय, पण पुढच्या आठवड्यात सुरू होईल."

ट्रान्सपोर्टच्या पावतीवर एकदा आलं, 'मॅक कुलूप, १ नग'. एवढ्या जड खोक्यात कोणतं कुलूप असावं, म्हणून भावाने दोघांना हाताशी बोलावलं. आत मॅकलक कंपनीचा चेनसॉ निघाला, पिवळा, बारसकट, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीसकट. रोमन अक्षरांत या नावाच्या शेवटी 'सीएच' येतो, पण तो 'च' फक्त लिहिण्यापुरता आहे. अमेरिकन 'मकलक' म्हणतात, मूळचे स्कॉटिश लोक शेवटी घशातून 'ख' काढतात. कंपनीचा मालक रॉबर्ट मॅकलक याने १९६८ साली लंडनचा जुना पूल विकत घेतला आणि दगडांना नंबर घालून तो ॲरिझोनाच्या वाळवंटात पुन्हा उभा केला. आमच्या फळ्या बघून कुणी नाक मुरडलं की वडील हा पुलाचा किस्सा सांगतात.

होमलाइटची पाटी बाहेर दिसत असल्यामुळे बल्ब मागायला माणसं येतात. त्यांना हसू नये, कारण ते अर्धे बरोबर आहेत. ही अमेरिकन कंपनी १९२० च्या दशकात घरगुती दिव्यांसाठी छोटे जनरेटर बनवायची, नाव त्यावरूनच पडलं. चेनसॉ नंतर आले.

माझं आवडतं नाव मात्र हुस्कवार्ना, हीही स्वीडिशच. आमची गिऱ्हाइकं तिला हुस्कवर्णा म्हणतात, सुवर्णा-अपर्णाची धाकटी बहीण असावी तशी. "हुस्कवर्णा आली का?" "आली, पण बोलत नाही." त्यांच्यात इंग्रजी शाळेत शिकलेला कुणी असला की तो दुरुस्ती करतो, "हस्कवर्ना म्हणा." गंमत अशी की प्रमाण स्वीडिशमध्ये 'र'ला लागून 'न' आला की दोन्ही मिळून जो आवाज होतो तो आपल्या 'ण'च्या जवळचा. म्हणजे इंग्रजी शिकलेल्यापेक्षा न शिकलेला स्वीडनच्या जवळ पोहोचतो. १६८९ साली हा बंदुकांचा कारखाना होता. मग शिवणयंत्रं, सायकली, मोटारसायकली असं करत चेनसॉवर ते १९५९ साली आले.

आणि तिलोत्तमा. एका गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं, 'तिलोत्तमा कार्बोरेटरचं किट पाहिजे'. टिलॉट्सन या मूळच्या अमेरिकन कार्बोरेटर कंपनीच्या नावाचं इतकं सुंदर रूप दुसऱ्या कुठल्या भाषेत झालं नसेल. आम्ही सगळेच आता तिलोत्तमा म्हणतो.

या तिलोत्तमेचं महत्त्व समजून घ्यायचं तर तिच्या आधीची मशीनं बघावी लागतात. डोलमारचं १९२७ चं पहिलं मशीन ५८ किलोचं होतं, ते चालवायला दोन माणसं लागायची. (डोलमार हा जर्मनीतल्या थुरिंगियातला डोंगर. एमिल लेर्पने तिथे चाचणी घेतली म्हणून ते नाव. आमच्याकडे ढोलमार.) त्या काळातल्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असायचा, म्हणजे पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग. इंजिन आडवं केलं की पातळी बिघडायची आणि मशीन बंद पडायचं. त्यामुळे झाड आडवं कापायचं तर इंजिन उभंच ठेवून पुढचा बार फिरवावा लागे. डायफ्रामचा कार्बोरेटर आला आणि ही कटकट गेली. पातळ पडदा पेट्रोल मोजून सोडतो, मशीन कसंही धरा. एका माणसाने एका हातात मागचं आणि दुसऱ्यात पुढचं हँडल धरून काम करणं त्यामुळे जमायला लागलं.

तोच पडदा आज आमचा निम्मा धंदा चालवतो. वर्षानुवर्षं टाकीत पेट्रोल राहिलं की तो कडक होतो, दाबला तर कागदासारखा वाजतो. जुनं मशीन चोकवर एकदा फुरफुरतं आणि मग रेस घेत नाही, तेव्हा लोकांना वाटतं इंजिन गेलं. बऱ्याच वेळा डायफ्राम आणि गॅस्केट बदलून, आतली जाळी साफ करून ते उठतं. पण ते करायच्या आधी मामा सायलेन्सर काढतात आणि एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघतात. उभे ओरखडे दिसले तर कार्बोरेटरला हात लावायचा नाही. आधी हवा कुठून शिरते ते शोधायचं. क्रँकचं सील सुकलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन तापून सिलिंडरला घासतो. सील तसंच ठेवून नवा पिस्टन घातला तर तोही त्याच वाटेने जातो.

ठिणगीचं काम त्या मानाने सुखाचं. जुन्या मशीनला फ्लायव्हीलच्या मागे पॉइंट असतात, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क. पडून राहिल्यावर त्यांच्यावर थर चढतो आणि लोक कॉइल गेली म्हणून फेकून देतात. फ्लायव्हील पुलरने काढायचं, हातोडीने नाही. पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपर आणि नंतर स्वच्छ कागदाची पट्टी ओढायची, गॅप बहुतेक मशीनला ०.३ ते ०.४ मिलीमीटर.

गंज काढायला व्हिनेगर वापरा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. लोखंडाला ठीक आहे. चेनसॉची बॉडी बहुतेक मॅग्नेशियमची असते आणि आम्ल तिला खाऊन टाकतं. रात्रभर भिजत ठेवलेली अशी एक बॉडी आमच्याकडे आली होती, ती आम्ही फक्त बघण्यासाठी ठेवली आहे.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं प्रमाण हा भांडणाचा विषय. जुन्या पुस्तिकांत १६:१, २०:१ असं लिहिलेलं असतं, नव्या मशीनवर ५०:१. आजचं ऑइल चांगलं आहे हे मान्य, तरी जुन्या मशीनला आम्ही ५०:१ इतकं कमी ऑइल देत नाही. मात्र ऑइल वाढवलं की तेवढ्याच घोटात पेट्रोल कमी येतं, म्हणून हाय स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा जोरात चालताना पेट्रोल किती जावं ते ठरवणारा स्क्रू, पुन्हा लावावा लागतो. हे न करता ऑइल ओतणाऱ्यांचे पिस्टन आमच्याकडेच येतात.

चेनचंही एक शास्त्र आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरिगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका भुंगेऱ्याची अळी लाकूड कशी पोखरते ते बघत बसला. तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. त्यावरून त्याने आलटून पालटून डावे-उजवे दात असलेली चेन केली आणि पुढच्या वर्षी धंदा सुरू केला. आजची चेन तिचीच वंशज. त्याआधीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे होते, नुसते ओरबाडायचे. अशी मूळ चेन एखाद्या मशीनवर मिळाली तर आम्ही ती काढून तेल लावून ठेवतो, कापायला नवी घालतो. त्यासाठी पिच कळायला हवा. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा आणि निम्मं करा. जुन्यांत अर्धा इंचही निघतो, मग शोधाशोध आली.

रंगाबाबत आमचं मत लोकांना आवडत नाही. उडालेला रंग उडालेलाच बरा. चकचकीत रंगवलेला मॅकलक बघितला की मला आतलं बेअरिंग आठवतं, कारण रंगवणाऱ्याला ते आठवलेलं नसतं.

कामासाठी जुनं मशीन मागितलं तर आम्ही देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही रागावो. चेन ब्रेक, म्हणजे मशीन उसळलं की चेन थांबवणारा ब्रेक, १९७० च्या दशकात रुळला. त्याआधीच्या मशीनचा बार टोकाला अडकून उसळला तर मध्ये काही नाही, फक्त तुमचा हात. धक्के शोषणारे रबरही जुन्यांत नसतात. त्या काळच्या कामगारांची बोटं पांढरी पडून कायमची सुन्न व्हायची, हा नोंदलेला आजार आहे. एखादा ओंडका कापून आवाज ऐकायचा असेल तर या, मामा कापून दाखवतील.

सध्या टेबलावर मॅकलक ३-२५ आहे, १९४९ च्या मॉडेलचा. पंचवीस पौंडांचा, म्हणजे सव्वाअकरा किलोच्या आसपास. त्या काळी हे हलकं समजलं जायचं. त्याचं स्टार्टर कव्हर फुटलं आहे, कुणाकडे पडून असेल तर कळवा. आणि कुठलंही मशीन पाठवायचं असेल तर आधी नंबर प्लेटचा, कार्बोरेटरवरच्या अक्षरांचा आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) बाजूचा असे तीन फोटो पाठवा. नाव तुम्हाला जमेल तसं लिहा. टाकी मात्र रिकामी करून पाठवा, ट्रान्सपोर्टवाले पेट्रोलचा वास आला की पार्सल परत करतात.