तुम्ही विचारलंत म्हणून: आईला ब्राह्मी सुरू करू का?

हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर बँकेच्या रांगेत एकीने विचारलं. "बाई, तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवलंत, घरी सासूबाईंचंही सगळं केलंत. आमच्या आईला ब्राह्मी सुरू करू का? मेंदूच्या पेशींचं रक्षण होतं, विसरण्याचा आजार, डिमेन्शिया, टळतो म्हणतात."

मी आधी उलट विचारते, कुठली ब्राह्मी? कारण माझ्या गच्चीवर दोन कुंड्या आहेत आणि दोन्हींना लोक ब्राह्मीच म्हणतात. एकीत जमिनीलगत पसरणारी, लांब देठांवर गोल, कातरलेल्या कडांची पानं. ती मंडूकपर्णी, आमच्याकडचा कारिवणा. दुसरीत बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाडसर, समोरासमोर पानं, पांढरट-जांभळी फुलं आणि चव अशी कडू की तोंड वाकडं व्हावं. ती जलब्राह्मी. दोघींचं कूळही वेगळं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात जी चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायनं सांगितलीत, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी आहेत. शंखपुष्पी म्हणून नेमकं काय घ्यायचं, यावर वैद्यांतही एकमत नाही; कुणी गोकर्णही दाखवतं. मग पुडीत काय आहे ते कसं सांगू?

"मेंदूच्या पेशींचं रक्षण" हा शब्दप्रयोग आला तो प्रयोगशाळेतून. बशीतल्या पेशी, उंदीर. तिथे जलब्राह्मीतली बॅकोसाइड्स नावाची द्रव्यं खरंच काम करताना दिसतात. माणसांवरचे प्रयोग लहान आहेत, बहुतेक निरोगी लोकांवर, बारा आठवड्यांच्या आसपासचे. काहींत शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली, काहींचं पोट बिघडलं. त्यावरून डिमेन्शिया टळतो असं म्हणणं म्हणजे पावसाची एक सर पाहून विहीर भरली म्हणण्यासारखं.

मोठा प्रयोग झाला तो चीनमधल्या गिंको झाडाच्या पानांचा. अमेरिकेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या 3,069 जणांना, कुणाला अर्क दिवसाला 240 मिलिग्रॅम, कुणाला नुसती खोटी गोळी, सरासरी सहा वर्षं. 2008 साली निकाल आला: डिमेन्शिया दोन्हीकडे सारखाच. म्हणून वनस्पती निरुपयोगी, असंही नाही. डॉक्टर अल्झायमरला, म्हणजे डिमेन्शियाच्या एका प्रकाराला, देतात ते गॅलँटामिन हे औषध पहिल्यांदा स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातूनच काढलं. पण तेही लक्षणं काही काळ सावरतं, आजार थांबवत नाही.

आता माझी चूक. सासूबाई गॅसवर दूध ठेवून विसरू लागल्या तेव्हा मी, वनस्पतिशास्त्राची बाई, ओळखीच्या दुकानातली ब्राह्मीची पूड रोज चमचाभर दुधातून देत राहिले. आठ महिने. घरात कुणी काही बोललं की "नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना" हे वाक्य माझ्याच तोंडी असायचं. शेवटी नणंदेने हट्टाने रक्त तपासायला नेलं. बी-12 जीवनसत्त्व अगदी तळाला. शिवाय दोन्ही कानांना ऐकू कमी येत होतं; आम्ही त्यालाही विसरणंच समजत होतो. इंजेक्शनं आणि कानाचं यंत्र मिळाल्यावर त्या बऱ्याच ताळ्यावर आल्या. विसरण्याचा आजार होताच, पण ते आठ महिने मी उगाच घालवले. पुडीला दोष देत नाही. तिच्या आडोशाला मी बसले होते.

म्हणून विचाराल तर: आधी बी-12, थायरॉइड, साखर, रक्तदाब, कान बघून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर गिंको डॉक्टरांना न विचारता नको. सुटी पूड घेऊ नका. 2004 साली बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि शिसं तर मेंदूचंच वैरी. जलब्राह्मी पाणथळ जागी वाढते, घाणेरड्या पाण्यातले धातूही शोषून घेते. एवढं सगळं बघून, चांगल्या वैद्याला विचारून घ्यायची असेल तर घ्या. मी अडवणार नाही.

आणि कारिवण्याची चटणी हवी असेल तर कधीही या. ओलं खोबरं, हिरवी मिरची, चिंचेचं बोटूक. भाकरीबरोबर फार छान लागते.